कडुबाचे कावळे

आमच्या भागातले कावळे मी घालवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या गोष्टीत जवळजवळ प्रत्येकावर संशय घेतला जाणार आहे आणि वाचकांनी उगाच भलत्याच्या मागे लागू नये.

हेतू चांगला होता. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं उरतं काय? हर्सूलच्या अलीकडे नाल्याकाठी आमच्या कॉलनीची स्मशानभूमी आहे. तिच्या मागच्या भिंतीला टेकून एक जुना, खानदानी उकिरडा होता. कॉलनीतली दोन पिढ्यांची शिळी पोळी तिथं गेलेली. मी स्मशानभूमी समितीचा चिटणीस झालो आणि पहिल्याच आठवड्यात त्या उकिरड्याच्या मागे लागलो. सतरा अर्ज केले. फोटो काढले. वॉर्डाचा स्वच्छता निरीक्षक संघपाल मला लांबून बघूनच हेल्मेट चढवायला लागला. शेवटी फेब्रुवारीत उकिरडा उचलला गेला. तिथं रंगीत फरशा आल्या, दोन बाकं आली, लोकांनी सेल्फी काढावी म्हणून 'सुंदर कॉलनी' अशी मोठाली अक्षरं उभी राहिली आणि शेजारी पाटी लागली, 'येथे कचरा टाकू नये'. समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांनी फीत कापली. मला शाल मिळाली.

आमची ही म्हणाली, "बरं झालं. आधी भिंतीच्या अलीकडं फोटो काढायचा, मग तोच फोटो हार घालून पलीकडं न्यायचा. लांब जायला नको."

सगळ्या कॉलनीत विरोध केला तो एकाच माणसानं. कडुबानं.

कडुबा म्हणजे आमच्या स्मशानभूमीचा राखणदार. मूळचा फुलंब्रीकडचा. आधी खदानीत दगड फोडायचा. एकतीस वर्षांपूर्वी चुलत्याच्या मयताला इथं आला, तेव्हाचा लाकडं रचणारा माणूस चहा प्यायला म्हणून गेला होता. कडुबानं त्याची वाट बघत चुलत्याची लाकडं स्वतःच रचली. तो माणूस अजून यायचा आहे. "चुलत्याला पोचवायला आलो आन् मीच पोचलो," असं कडुबा सांगतो. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. फाटकाजवळच्या एका खोलीत तो, त्याची सायकल आणि त्याचा संशय, असे तिघं राहतात.

संशय हा कडुबाचा तिसरा डोळा आहे, आणि तो शंकराच्यासारखा मिटलेला नसतो. नारळ दिला तर कानाशी हलवून बघतो. फुकटच्या आरोग्य शिबिरात त्यानं रक्तदाब मोजू दिला, पण आधी डॉक्टरांचा मोजायला लावला. गॅसवरची शवदाहिनी आणायची टूम निघाली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "कनेक्शन कोणाच्या नावावर घेणार?" आणि मयताला आलेल्या माणसांबद्दल त्याचा एक ठाम नियम आहे. "जो लई रडतोय त्याला इचारावं, शेवटचा भेटला कवा व्हता."

पण त्याचं खरं कसब कावळ्यांत. दहाव्याच्या दिवशी पिंड ठेवले की कडुबा पुढे व्हायचा. नातेवाइकांना वीस पावलं मागे रेटायचा. "सरका मागं! आशी तोंडाकडं बघत मान्सं हुबी राहिली तर जित्या मान्साला बी घास गिळत नाय!" मग तोंडाजवळ हात धरून असा काही आवाज काढायचा की भिंतीपलीकडून चार-दोन कावळे हमखास यायचे. पाच मिनिटांत पिंडाला चोच, दहाव्या मिनिटाला सगळे गाड्यांत. त्याच्या हाताला यश आहे, असं लोक म्हणत. डॉक्टरबद्दल म्हणतात तसं.

उकिरडा उचलायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता.

"टेलिफोनसाहेब, त्यो उकिरडा ऱ्हाऊ द्या."

"का रे? तुला त्याचा काय उपयोग?"

"मला नाय. पर त्याच्यावर काय काय टेकून हाय ते मला ठाव नाय. तुमाला बी नाय."

मी मनात म्हटलं, हा नक्की तिथलं भंगार विकत असणार. तसा मीही संशयात काही कमी नाही.

मार्चमध्ये सखारामअण्णा गेले. दूध संघातून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखरेचा आजार सोडला तर तब्येतीनं ठणठणीत. रात्री झोपले ते झोपलेच. असं मरण म्हणजे पुण्याई, असं आम्ही सगळे म्हणालो आणि दहाव्याला वेळेवर जमलो. पिंड मांडले गेले. कडुबानं माणसं मागे सारली. हाळी घातली.

कावळा आला नाही.

अर्धा तास गेला. मग गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला त्यांच्याशी."

थोरला विश्वजीत पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "अण्णा, फुलंब्रीच्या जमिनीची काळजी करू नका. आम्ही दोघं मिळून बघू."

धाकटा सत्यम पुण्याहून आला होता. तो मागून म्हणाला, "मिळून म्हणजे?"

तिथून उन्हाबरोबर तापमान वाढत गेलं. कुणी म्हणालं, अण्णांना भजी आवडायची. भजी आली. कुणी तंबाखूची पुडी ठेवली. नातवाला वाटलं म्हणून टीव्हीचा रिमोटसुद्धा पिंडाशेजारी आला. आकाश कोरडं. मग एक चुलतभाऊ हळूच म्हणाला की डॉक्टरला जरा लवकर बोलावलं असतं तर. दुसऱ्यानं कपाटाच्या किल्लीचा विषय काढला. कुणी काहीच बोललं नव्हतं तरी थोरली सून तनुजा एकदम उसळली, "माझ्याकडं काय बघायलेत सगळे? मी काय केलं त्यांना?" मग मात्र सगळे खरंच तिच्याकडे बघायला लागले.

अण्णांच्या पत्नी आशाबाई तेवढ्या एका पायरीवर गप्प बसून होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. अशा वेळी बायकोला काय विचारायचं, ती तर रोजचीच.

अडीच तासांनी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. विधी झाला. पण दोन्ही भाऊ वेगवेगळ्या गाड्यांतून घरी गेले; येताना एकाच गाडीतून आले होते.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन दहावे तसेच गेले. एका घरी नणंद-भावजय बोलेनाशा झाल्या. दुसऱ्या घरात तर गेलेल्या माणसाची लपवलेली दुसरी बायको असणार असा निष्कर्ष निघाला. तो बिचारा जन्मभर पहिलीलाच घाबरत आला होता! कॉलनीत लोक एकमेकांच्या म्हाताऱ्यांची अकस्मात विचारपूस करायला लागले. "आजोबा, काही इच्छा वगैरे आहे का?" असं विचारल्यावर आजोबांनाच संशय यायचा.

शेवटी नानासाहेबांनी समितीची बैठक घेतली. "एकतीस वर्षं कावळे येत होते. आता येत नाहीत. म्हणजे कुणीतरी येऊ देत नाही," ते म्हणाले. "आणि तो कडुबा रोज पहाटे सायकलला झाकणाचा डबा लावून कुठं जातो? काय असतं त्या डब्यात?"

"आपले कावळे दुसऱ्या घाटावर तर नेत नाही ना?" कुणीतरी म्हणालं. कावळे डब्यातून नेता येत नाहीत, हे त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ठरलं असं की चिटणिसानं, म्हणजे मी, छडा लावायचा. आणि काही काळंबेरं निघालं तर पहिल्या तारखेपासून कडुबाचं काम बंद, खोली खाली. सदुसष्टाव्या वर्षी तो जाणार कुठं, असं मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, बघू तर आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्कूटर काढली. सीट फाटलेलं होतं. आठवड्यापूर्वी कुठल्याशा मोकाट कुत्र्यानं फाडलं होतं. कडुबाची सायकल फुलंब्री रस्त्याला लागली. मी शंभर पावलं मागे राहून, गुप्तहेराच्या सावधपणानं चाललो. तो एका किलोमीटरच्या दगडापाशी थांबला. डब्यातून काहीतरी काढून दगडावर ठेवलं. पुढे एका बंद ढाब्याच्या कठड्यावर ठेवलं. मग एका बाभळीच्या बुंध्याशी. असं करत करत तो गावाबाहेरच्या त्या मोकळ्या रानात पोचला, जिथं आता घंटागाड्या आमचा कचरा नेऊन ओततात.

आणि तिथं कावळे होते. शेकडो. आमचे सगळे. मला तर काही चेहरे ओळखीचेसुद्धा वाटले.

"या साहेब," कडुबा मागे न बघता म्हणाला. "बसा दगडावर."

"तुला कसं कळलं मी आहे?"

"तुमच्या सायलेन्सरच्या आवाजानं माज्याकडची मान्सं उठून बसतील. फाटकापासून ऐकतोय."

मी डब्यात डोकावलो. मटणाच्या दुकानातले टाकाऊ तुकडे. "हे काय चाललंय?"

"कावळे घरला न्यायलोय." त्यानं रस्त्याकडे हात केला. "बारा दिस झाले. रोज एक एक टप्पा अलीकडं ठिवतो. परवा ढाब्यापातूर आले व्हते. काल दगडापातूर, दोघं. कावळा लई संशयी जात हाय. एकदम बोलावलं तर येत नाय. आपल्यातलाच हाय म्हणा ना."

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला होता, आणि तो उजेड माझ्याच अंगावर पडत होता.

"उकिरडा गेला तशी कावळ्यांची पंगत उठली," कडुबा सांगत होता. "कुत्री तुमच्या कॉलनीच्या दारात आली. तुमचं शीट फाडलं ना, ते कानतुटं? ते उकिरड्यावरचंच. मेलेले उंदीर कावळे उचलायचे, आता कोन उचलनार? वास सुटला की तुमी अठरावा अर्ज करनार."

हे मला कळायला हवं होतं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी पाहिलेलं होतं की एका घरची तार जोडली की तिसऱ्या गल्लीतला फोन मुका व्हायचा, आणि चौथ्या गल्लीतल्या मुलीला भलत्याच मुलाचा फोन लागून तिचं लग्न जमायचं. छत्तीस वर्षं त्या तारांच्या गुंत्याला घाबरून असायचो. उकिरडा मात्र मला नुसता उकिरडा वाटला.

"तू समितीला सांगितलं का नाहीस?"

"आधी तुमाला सांगितलं व्हतं की. तुमी माज्याकडं भंगारवाल्याकडं बघावं तसं बघितलं."

मी विषय बदलला. "पण कडुबा, तुला खरं वाटतं? म्हणजे, कावळा काही निरोप घेऊन येतो?"

त्यानं डब्यातला एक तुकडा लांब फेकला. "कावळा खायला येतो, साहेब. निरोप-बिरोप काय नाय. पर तो आला म्हंजी मान्सं घरला जात्यात. नाय आला की हुबी राहत्यात आन् एकमेकाकडं बघत्यात. मरनावर संशय घेता येत नाय, मंग भावावर घेत्यात, सुनंवर घेत्यात. एकतीस वर्सं मी लाकडं रचली, ते सोपं. खरं काम ह्ये. जित्या मान्सांना घरी धाडायचं."

मला दोन वर्षांपूर्वीची माझी अँजिओप्लास्टी आठवली. शुद्धीवर आलो तेव्हा पोरं बाहेर बोलत होती, आणि औषधाच्या गुंगीतही मी कान देऊन ऐकत होतो, की नक्की कशाबद्दल बोलतायत. आता त्या दगडावर बसून वाटलं, उद्या मी गेलो आणि कावळा आला नाही, तर माझी गुणी पोरं कुणाकडे बघतील? बहुतेक माझ्या सुनेकडे. ती बिचारी मला रोज मुगाची खिचडी देते.

दोन दिवसांनी बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "कावळे मी घालवले. उकिरडा उचलला म्हणून ते गेले. कडुबा त्यांना परत आणतोय."

मग नानासाहेबांनी डोळे बारीक केले. "तुमचं दोघांचं काय ठरलंय?"

म्हणजे खरं बोलून माझ्यावरच संशय! मी संघपालला बोलावून घेतलं होतं. तो म्हणाला, "सरळ आहे, नानासाहेब. घंटागाडीच्या मागं कावळे जातात, आम्ही रोज बघतो. आमच्या घरात पिंड-कावळा हा प्रकार नाही. पण तुमच्याकडं आहे, तर कावळ्याच्या जेवणाची व्यवस्था नको का?"

नानासाहेबांची अडचण वेगळी होती. त्या रंगीत फरश्यांवर त्यांच्या नावाची कोनशिला होती. कावळे कचऱ्यानं येतात असं मान्य केलं, तर कोनशिला कशाची? शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "परवा आशाबाई अण्णांचं महिन्याचं पान ठेवणार आहेत. त्या दिवशी कावळा आला तर कडुबा राहील. नाही आला तर एक तारीख."

मी कडुबाला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अजून दीड टप्पा बाकी हाय."

तो दिवस उजाडला. दोन्ही भाऊ आले, वेगवेगळ्या गाड्यांतून. तनुजा पदर घट्ट धरून, भांडणाच्या तयारीत. नानासाहेब घड्याळ बघत. पान मांडलं. कडुबानं माणसं मागे रेटली, हाळी घातली. दहा मिनिटं. वीस. विश्वजीतनं सत्यमकडे बघितलं. सत्यमनं जमिनीकडे, म्हणजे फुलंब्रीच्या दिशेला.

तेवढ्यात तो आला. एकच. भिंतीपलीकडे 'सुंदर कॉलनी'तल्या 'सुं'च्या टिंबावर बसला आणि मान तिरकी करून आमच्याकडे असा बघायला लागला की आम्हीच काहीतरी लपवलंय. पुढे येईना.

कडुबा फाटकातून बाहेर पडला, डबा घेऊन वळसा घालून त्या रंगीत फरश्यांवर गेला आणि 'येथे कचरा टाकू नये' या पाटीच्या बरोबर खाली त्यानं डबा उपडा केला. नानासाहेबांच्या तोंडून एक आवाज निघाला. कावळ्यानं उतरून एक तुकडा खाल्ला, चोच पुसली आणि भिंतीवर आला. आता उरले वीस फूट.

त्याच वेळी आशाबाई पायरीवरून उठल्या. कुणालाही न विचारता पुढे गेल्या, पिशवीतून छोटा थर्मास काढला आणि पानाशेजारी कपभर चहा ओतला. वाकून हलकेच म्हणाल्या, "साखर घातलीय आज. दोन चमचे. आठ वर्षं नाही म्हणाले तुम्हाला. रागवू नका."

त्या मागे सरल्या आणि कावळा उतरला. त्यानं आधी भाताला चोच लावली आणि मग, खरं सांगतो, कपातही.

विश्वजीत रडला. सत्यमनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तनुजानं सासूबाईंना धरून पायऱ्यांवरून नेलं. आशाबाई तिला सांगत होत्या, "त्या दिवशीच ठाऊक होतं मला, चहाच राहिलाय म्हणून. विचारतंय कोण?" चौघंही एकाच गाडीत बसली. कावळा साखरेनं आला असं सगळ्यांचं एकमत झालं, आणि तुकड्यांबद्दल मी काही बोललो नाही.

नानासाहेब जाता जाता कडुबाकडे न बघता म्हणाले, "राहू द्या. पण ती फरशी धुवून घ्या."

"आज धुतो. उद्या परत टाकनार," कडुबा म्हणाला. नानासाहेबांना ते ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं ठरवलं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. कावळा अजून कपाशी होता. मी चिटणीस होतो, मला समितीच्या वहीत काहीतरी लिहायचं होतं; पण वेगळंच तोंडातून निघून गेलं.

"कडुबा, खरं सांग. माझ्या दहाव्याला कावळा येईल ना रे?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नारळ हलवून बघतो तसं, आणि झाडू उचलत म्हणाला, "आधी उकिरडा वापस आना, मंग खुशाल मरा."